पेट्रोल बसते

“लोणारे, ऊन चढायच्या आत भर,” पिंपळखुटे सर म्हणाले आणि स्कूटर स्टँडवर चढवून हाताची घडी घालून उभे राहिले. सकाळचे सहा वाजले होते. पंपावर त्यांच्याशिवाय दोन दूधवाले आणि एक जीपवाला, बस्स.

“किती, सर?”

“नेहमीचं. तीन लिटर. आणि घाई करू नकोस. गार पेट्रोल दाट असतं. दाट म्हणजे त्याच लिटरात माल जास्त. दुपारी भरणारे लोक फुगलेलं पेट्रोल घेऊन जातात आणि वरून तुम्हाला थँक्यू म्हणतात.”

दोन वर्षं हेच ऐकत होते मी. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा होता, लपवायचं काय त्यात. कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, रिटायर झाले, वर्ग सुटला पण खोड सुटली नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर बाळगायचे. ताप बघायचा नव्हे, प्रयोगशाळेतला, लांबलचक. तो कधी हवेत धरायचे, कधी स्कूटरच्या सीटवर ठेवायचे आणि मला आकडा वाचून दाखवायचे. हजेरी घेतल्यासारखं आडनावानं हाक मारायचे. जांबफाट्याच्या त्या पंपावर मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीत दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला हा माणूस ऊन म्हणजे काय ते शिकवायचा.

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. नवऱ्याचं घर सोडून आईकडे येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि आदल्या दिवशी त्याचा निरोप आला होता, की नांदायला ये नाहीतर कागदावर सही कर. माणसांवर विश्वास टाकायची माझी हौस फिटली होती. जगात दोनच प्रकारचे लोक, मूर्ख आणि लबाड, आणि आपण तेवढ्या शहाण्या, असं माझं ठाम मत होतं.

“सर, तुमचं घर शाळेमागे ना? गावातला पंप तिथून किती लांब?”

“असेल अर्धा किलोमीटर.”

“आणि हा?”

“साडेतीन. पण तिथली टाकी जमिनीत उथळ आहे, मला शंका—”

“म्हणजे जाऊन-येऊन सात. तुमची स्कूटर लिटरला चाळीस देते, तुम्हीच सांगता. सात किलोमीटरला किती जळतं?”

मास्तर तो. गणित समोर आलं की राहवणार कसं. “एकशे पंचाहत्तर मिलिलिटर,” लगेच उत्तर आलं.

“आणि गार भरल्यानं वाचतं किती?”

“दहा डिग्रीचा फरक धरला तर… तीन लिटरात तीस. फार तर पस्तीस.”

“म्हणजे सर, दोन चमचे वाचवायला तुम्ही बारा चमचे जाळून येता.”

दूधवाले फिस्सकन हसले. जीपवाल्यानं बॉनेटवर थाप मारली आणि “बारा चमचे” असं दोनदा म्हणून पुन्हा हसला. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“हे गणित मी केलं नव्हतं,” ते हळूच म्हणाले. सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि स्कूटर चालू न करताच ढकलत रस्त्यापर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी सहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला आनंद झाला.

उत्तमकाकांनी लिंबाखालून हे सगळं पाहिलं होतं. उत्तम नेवारे, पंपावरचा सगळ्यात जुना माणूस. बावीस वर्षं झाली होती त्यांना. टँकर खाली करायचा आणि रोज सकाळी टाकीत पितळी काठी सोडून किती पेट्रोल आहे ते बघायचं, हे काम त्यांचं. या काठीला आम्ही डीप म्हणतो. काका ती काठी रोज पुसून खिळ्याला टांगायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

“कुंदे, म्हाताऱ्या मान्साले असं चारचौघात बोलते काय वं?”

“मग काय करू, काका? रोज डोकं खातात.”

“खाऊ दे ना. तुह्याकडे डोकं लई हाय.”

असं म्हणून त्यांनी आपल्या निळ्या डबकीतून, म्हणजे प्लास्टिकच्या कॅनमधून, पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. पंपावरच्या बोअरचं पाणी खारट, तोंडात धरवत नसे. काका रोज घरच्या विहिरीचं पाच लिटर पाणी सायकलला बांधून आणायचे, संध्याकाळी डबकी परत न्यायचे, उरलेलं पाणी फाट्यावरच्या रोपांना घालायचे. पहिला पेला माझा. मी कामाला लागले त्या दिवसापासून तसंच होतं. नवरा का सोडला, हे न विचारणारा त्या गावात तेवढा एकच माणूस होता.

पंप नाना गावंड्यांचा. नाना दिवाळीत गेले आणि त्यांचा मुलगा निखिलेश पुण्याहून मॅनेजमेंट शिकून येऊन खुर्चीत बसला. त्याच्याबद्दल काय सांगू. केबिनमध्ये एसी लावून काळा चष्मा घालून बसायचा. कंपनीच्या नियमानं रोज सकाळी पेट्रोलचं तापमान आणि घनता बघून वहीत लिहावी लागते. पंपाचा थर्मामीटर फुटून दोन महिने झाले होते, पण वहीत तापमान रोज होतं. हा कालचा आकडा बघून आजचा लिहायचा. आम्ही सगळे त्याला तोंडावर भैयासाहेब म्हणायचो आणि पाठीमागे काय म्हणायचो ते इथं सांगत नाही. तो त्याचा पहिला उन्हाळा होता.

शनिवारी भर दुपारी टँकर आला. काकांनी नेहमीसारखा खाली केला. पाइपाला हात लावून “आज लई तापून आलं हाय” म्हणाले, ते मी ऐकलं. रविवारी निखिलेश यवतमाळला गेला होता. सोमवारी सकाळी डीपचा आकडा घेऊन तो तासभर कॅल्क्युलेटरशी खेळला आणि मग आम्हा सगळ्यांना केबिनसमोर उभं केलं.

“शनिवारी आठ हजार लिटर उतरलं,” तो म्हणाला. “दोन दिवसांत विकलेलं मी वजा केलं. टाकीत ब्याऐंशी लिटर कमी आहे. कुठं गेलं, उत्तमकाका?”

काकांनी डोक्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला. “उन्हाळा हाय ना, मालक. उन्हाळ्यात पेट्रोल बसते.”

“काय होतं?”

“बसते जी. दरसाल बसते. नानाले ठाऊक होतं.”

“बसतं?” निखिलेशनं चष्मा कपाळावर चढवला. “मग खुर्ची देऊ का त्याला?”

सगळे हसले. मीही हसले. सांगायचंच तर सगळं सांगते.

“बाबांना काय ठाऊक होतं ते माझ्याकडे लेखी आहे,” निखिलेश म्हणाला आणि आतून लाल कापडात बांधलेली वही घेऊन आला. नानांची स्वतःची वही. ती ते पेटीत ठेवायचे, मरेपर्यंत कोणाला दाखवली नव्हती. “हे बघा. मे महिना, टँकरमागे तूट सत्तर. पुढे लाल शाईत काय लिहिलंय? ‘उ.’ जून, तूट पंचावन्न. ‘उ.’ गेल्या वर्षी तेच, त्याच्या आदल्या वर्षी तेच. पंपावर ‘उ’ नावाचा माणूस एकच आहे. बाबा साधे होते, कळूनही बोलले नाहीत. लिहून ठेवलं फक्त.”

काका पुढे आले. त्यांना वाचता जेमतेम येत होतं, पण ते अक्षर त्यांच्या सहीतलं पहिलं अक्षर होतं. वाकून त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

“हे नानानं लिवलं?”

“अक्षर ओळखता ना त्यांचं?”

“वळखतो.”

तोवर ते भांडत होते, मान वर होती. नानांचं अक्षर पाहिलं आणि माणूस गप्पच झाला. बावीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं तो आपल्याला चोर समजून गेला, एवढंच त्यांना त्या वहीत दिसलं.

मग निखिलेशनं आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं. दोन मिनिटांत मी बाहेर आले. सगळ्यात शेवटी काका आत गेले आणि तेही लवकर बाहेर आले. “पोलिसात देत नाही, हेच नशीब समजा,” निखिलेश आतून ओरडला, म्हणजे पेट्रोल भरायला आलेल्यांनाही ऐकू जावं. काकांनी डीपची काठी पुसली, खिळ्याला टांगली, डबकी सायकलला बांधली. जाताना माझ्याकडे पाहिलं. मी एका ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरत होते, मी आकड्यांकडे पाहत राहिले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नेवाऱ्यानं बावीस वर्षं पेट्रोल चोरलं. ब्याऐंशीचे आठशे झाले, आठशेचे टँकर झाले. पानठेल्यावर लोक हिशेब करून सांगत होते की त्याच्या घराच्या पत्र्यात किती पेट्रोल आहे. ज्यांना काकांनी कधीकाळी फाट्यावर गाडी बंद पडली म्हणून धक्का मारून दिला होता, तेच सांगत होते. काका घराबाहेर पडेनात. दूध आणायलाही नाहीत.

आणि मी? मी माझ्या मनाला समजावलं की कोण सांगावं बाई. शांत माणसंच आतल्या गाठीची असतात. तीन दिवस मी खारट पाणी प्याले आणि असंच स्वतःला समजावत राहिले.

बुधवारी आमच्याकडे मामा आले होते म्हणून आईनं वडे तळले. उरलेलं गरम तेल तिनं स्टीलच्या बरणीत ओतलं, अगदी काठोकाठ. मीच झाकण ठेवलं, ठेवताना बोट भाजलं, म्हणून लक्षात राहिलं. गुरुवारी सकाळी डब्याला भाजी करायला झाकण उघडलं तर तेल बोटभर खाली.

“आई, यातलं तेल कोणी घेतलं?”

“कोण घेईल वं? काल गरम होतं. आता थंडं झालं, बसलं.”

तिनं चुलीकडून मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मी बरणी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. बसलं. तोच शब्द, ज्याला आम्ही तीन दिवसांपूर्वी खुर्ची देत होतो.

मला ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्याला मी पंपावरून हाकलून दिलं होतं. जायला जिवावर आलं. पण मनात एक गोष्ट अशी होती की जी मला झोपू देत नव्हती, म्हणून गेले. सर व्हरांड्यात बनियनवर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. मला पाहून उठले नाहीत.

“सर, एक विचारायचं होतं.”

“किती चमचे?” सर म्हणाले.

मी खाली मान घालून उभी राहिले. दुसरं काय करणार. त्यांनी थोडा वेळ तसंच उभं ठेवलं, मग बसायला मोढा सरकवला. मी सगळं सांगितलं, टँकर, ब्याऐंशी लिटर, काकांचा शब्द, आईची बरणी. बनियनवरचा तो म्हातारा बघता बघता ताठ झाला.

“आकुंचन,” ते म्हणाले. “टँकर तीन तास डांबरी रस्त्यावर भाजत येतो, आतलं पेट्रोल चाळीसच्या वर जातं. तुमची टाकी दहा-बारा फूट जमिनीत. तिथं उन्हाळा पोचत नाही. दोन दिवसांत ते गार होतं आणि आक्रसतं. हजार लिटरला दर डिग्रीमागे लिटरभर, थोडं जास्तच. चोर कशाला लागतो? हे त्या मुलाला कळू नये? अकरावीत माझ्या वर्गात होता तो.”

शनिवारी सर सकाळी सातलाच पंपावर हजर झाले. थर्मामीटरला सुतळी बांधून आणली होती. निखिलेश सुरुवातीला उडवाउडवी करायला लागला, तसे सर आख्ख्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणाले, “निखिलेश गावंडे, रोल नंबर एकेचाळीस. उष्णतेच्या धड्यात तुला किती मार्क पडले होते ते सांगू का?” निखिलेशनं मुकाट्यानं टाकीचं झाकण उघडून दिलं.

सरांनी पितळी वाटीत थर्मामीटर ठेवून तो टाकीत सोडला, पाच मिनिटं घड्याळ लावून थांबले, वाटीसकट वर काढला. “एकतीस.” वहीच्या पानावर लिहिलं. दुपारी एकला टँकर आला. त्याच्या टाकीतलं पेट्रोल बेचाळीस. मग टँकर खाली करण्याआधी त्यांनी जमिनीतल्या टाकीत पुन्हा थर्मामीटर सोडला. उन्हानं डोकं फुटायची वेळ होती. आम्ही सगळे भोवती गोळा झालो होतो.

सरांनी थर्मामीटर वर काढला, डोळ्यांजवळ धरला. पुसला. पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

“एकतीस,” ते म्हणाले. मग सकाळचं पान काढून पाहिलं. “सकाळी एकतीस. दुपारी एकतीस.”

“मग बरोबर आहे ना, सर?” मी म्हटलं.

“टँकरचं बरोबर आहे. माझं चुकलं.” त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि वर्गात बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, “लोणारे, तुझं गणितही चुकलं होतं. सकाळी येऊन दोन चमचेही वाचत नव्हते. शून्य. टाकीतल्या पेट्रोलला सकाळ आणि दुपार एकच आहे.”

कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. आपल्या दोन वर्षांच्या पहाटा पाण्यात गेल्या हे माणूस चारचौघांत, कोणी न विचारता सांगत होता, कारण आकडा तसा होता. मी मात्र त्या आठवड्यात एक साधा शब्द बोलू शकले नव्हते. पण ते पुढे सांगते.

सरांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहून तिची घडी केली आणि निखिलेशच्या ड्रॉवरमध्ये टाकली. टाकीच्या झाकणांना निखिलेशनं स्वतःच्या हातानं कुलपं लावली, किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. काका त्या वेळी दोन कोसांवर स्वतःच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सोमवारी सकाळी निखिलेशनंच डीप घेतली. हाताला सवय नाही, काठी दोनदा निसटली. विकलेलं वजा केलं, पुन्हा केलं, मग सरांनी त्याच्या हातातून कॅल्क्युलेटर काढून घेतलं. पंच्याऐंशी लिटर कमी होतं. चिठ्ठी उघडली. ‘ऐंशी ते नव्वद’ असं लिहिलं होतं.

“आता हा चोर कोण?” सरांनी विचारलं. “किल्ल्या तुझ्या खिशात होत्या.”

निखिलेशनं एसी वाढवला.

“आण ती नानांची वही.”

वही आली. सरांनी लाल शाईतल्या नोंदी बोटानं वाचल्या. “एप्रिल, मे, जून, तूट, पुढे ‘उ.’ आता डिसेंबर काढ. हे काय? ‘वाढ बावीस, हि.’ जानेवारी, ‘वाढ अठरा, हि.’ थंडीत टँकर गार येतो, टाकी त्याहून उबदार असते, पेट्रोल वाढतं. निखिलेश, हा ‘हि’ कोण? हिरामण? हिंमतराव? तो रात्री येऊन तुमच्या टाकीत पेट्रोल ओतून जातो का?”

निखिलेश वहीची पानं उलटत राहिला.

“हिवाळा, गाढवा. आणि ‘उ’ म्हणजे उन्हाळा. तुझा बाप चौथी शिकला होता, पण दर सालाची घट आणि वाढ मांडून ठेवत होता. तुला त्यात बापानं चोर पकडलेला दिसला.”

काकांना बोलवायला निखिलेश स्वतः गेला नाही. जीप पाठवली. काका आले ते दारातच थांबले. दाढी वाढली होती, आठ दिवसांत गालफडं आत गेली होती.

“मिसअंडरस्टँडिंग झालं, काका,” निखिलेश खुर्चीतूनच म्हणाला. “आकुंचन होतं ते. सायन्स आहे त्यामागे. या उद्यापासून.”

“मी बी तेच म्हनलं होतं जी,” काका म्हणाले. “बसते म्हून.”

“हो, पण तुम्ही नीट सांगितलं नाही ना.”

अशा माणसाला काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. काका त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी वही मागितली. सरांनी पान काढून दिलं. काकांनी त्या ‘उ’वर बोट ठेवलं.

“म्हंजे नानानं माहं नाव नाई लिवलं?”

“नाही,” सर म्हणाले. “उन्हाळा लिहिलाय.”

“बस,” काका म्हणाले आणि वही मिटून दोन्ही हातांनी कपाळाला लावली. दुपट्ट्यानं डोळे पुसले. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. नोकरी, माफी, काहीच त्यांनी मागितलं नाही.

मी बाजूला उभी होते आणि मला हलकं वाटत होतं, अगदी खरं सांगते. सरांना मी आणलं होतं. माझ्या बरणीतून हे सगळं निघालं होतं. फिटलं, असं मनाशी म्हटलं.

मंगळवारी सकाळी सहाला सरांची स्कूटर आली. “तीन लिटर,” ते म्हणाले. मी काही विचारलं नाही, तरी म्हणाले, “सवय आहे. त्यात तापमानाचा संबंध नाही.” मी भरलं. त्या म्हाताऱ्याचा तिटकारा त्यानंतरही मला कधी कधी येत असे, पण बोलले नाही.

साडेसहाला काका आले. सायकल लिंबाखाली लावली, निळी डबकी सोडली, खिळ्यावरची डीप काढली. मी हात पुसत नेहमीसारखी सावलीत गेले. काका टाकीपाशी उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

“कुंदाबाई,” त्यांनी हाक मारली. “इकडे या जी. डीप सोडतो, तुमच्या डोळ्यांनं पाहून घ्या.”

मला वाटलं थट्टा आहे. “काका, हे काय नवीन? बाई काय म्हणता?”

“पाहून घ्या जी. मंग मांगून सांगता येत नाई असं व्हायले नको.”

मी टाकीपाशी गेले. कारण ते माझे शब्द होते.

त्या सोमवारी केबिनमध्ये निखिलेशनं मला एकच गोष्ट विचारली होती. “तो रोज निळी डबकी घेऊन जातो. तिच्यात पाणीच असतं, हे छातीवर हात ठेवून सांगशील?” अर्ध्या तासापूर्वी मी त्या डबकीतलं पाणी प्याले होते. तीन वर्षं रोज पीत होते. आणि मी म्हटलं होतं, “छातीवर हात ठेवून… सांगता येत नाही, भैयासाहेब.” खोटं बोलायचं नव्हतं मला. कोणाच्या बाजूनं बोलून उद्या मूर्ख ठरायचं नव्हतं, एवढंच. निखिलेशनं काकांना आत बोलावून पहिलं वाक्य ऐकवलं ते हेच, की तुमची कुंदासुद्धा खात्री देत नाही.

मी डीप पाहिली. काकांनी आकडा मोठ्यानं सांगितला, मी मान हलवली. त्यानंतर काका नऊ वर्षं त्या पंपावर होते, आणि नऊ वर्षं रोज सकाळी हाच कार्यक्रम झाला. आवाज कधी चढवला नाही, टोमणा मारला नाही. माझ्या आईच्या तेराव्याला आले, माझ्या कोर्टाच्या तारखेला यवतमाळपर्यंत सोबत आले. पण कुंदे म्हणून हाक मारली नाही.

त्या पहिल्या मंगळवारी डीप पुसून खिळ्याला टांगल्यावर ते लिंबाखाली आले. डबकीचं बूच उघडलं, पेला विसळला, काठापर्यंत भरला आणि दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केला. मी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पेला थोडा वर, माझ्या नाकापाशी नेला.

“आधी वास घेऊन पाहा जी, बाई,” काका म्हणाले. “मंग प्या.”